निर्णय तिचा, भार दोघांचा

सन १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. गरोदर विधवांनीं तेथें गुप्तपणें येऊन सुखरूप बाळंत व्हावें, अशी ती सोय होती. तोंड लपविण्याची पाळी स्त्रीवरच होती. मुलाच्या बापास कोणी विचारीत नसे.

विवाहित असो वा अविवाहित, तरुण जोडप्यापुढें अनपेक्षित गर्भधारणेचा प्रश्न आजहि उभा राहतो. कायदा मात्र पुढें गेला आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यांत २०२१ मध्यें दुरुस्ती होऊन ‘पति’ या शब्दाच्या जागीं ‘जोडीदार’ हा शब्द आला. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्यास २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचें मत पुरतें. पुढें २४ आठवड्यांपर्यंत दोघांचें मत व विशिष्ट कारण लागतें. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति पुरेशी असते आणि तिचें नांव गुप्त राखावें लागतें. मूल वाढविल्यास, तें अनौरस असलें तरी, ऐपतदार बापास त्याचें पोषण टाळतां येत नाहीं. दत्तकासाठीं तें बालकल्याण समितीच्या स्वाधीन केल्यास फेरविचाराला दोन महिने मिळतात.

तात्पर्य, निर्णय तिचा असला तरी भार दोघांचा आहे. तरुणानें तिच्यासवें दवाखान्यांत जावें, खर्च उचलावा, दडपण मात्र आणूं नये. वडील मंडळींनींहि दोष काढण्यापूर्वीं, किती आठवडे झाले, हें विचारावें. रागावण्यास पुढें पुष्कळ अवकाश आहे; आठवडे मात्र थांबत नाहींत.