मेधा आणि मज्दा

मराठी घरात मुलीचे नाव मेधा असते. पारशी घरात जुन्या पिढीतल्या कोणाचे होरमसजी. दोन्ही नावांत एकच प्राचीन शब्द दडला आहे. ‘होरमस’ म्हणजे अवेस्तेतील ‘अहुर मज्दा’, आणि मज्दा व मेधा ही सख्खी भावंडे. (यातला ज ‘जमीन’मधला.)

फोड अशी : मनस् + धा, म्हणजे मन ठेवणे. आपल्या ‘मनात धरणे’च्या धाटणीचीच ही रचना. गाथांत ही दोन पदे सुटीही येतात. समासात मनस्‌चे आखूड रूप ‘मस्’ झाले आणि पुढच्या ध-मुळे स्‌चा ज् : मज्धा. संस्कृतात हा ज् लोपला, आधीच्या अ-चा ए झाला : मेधा. अवेस्तेत ज् टिकला, पण ध-चा द झाला : मज्दा. अवेस्तेतील ‘नज्दिश्त’ आणि संस्कृत ‘नेदिष्ठ’ (सर्वांत जवळचा) ही जोडीही याच नियमाची.

‘मज् म्हणजे महान’ अशीही फोड केली जाते. पण मुळात मह् असता, तर सह्‌पासून सोढ, लिह्‌पासून लीढ, तसा मेधेतही ढ दिसला असता.

व्याकरणातही भेद आहे. मेधा स्त्रीलिंगी, रमासारखी चालते. ती गुणाचे नाव आहे. मज्दा पुल्लिंगी, सोमपा शब्दाच्या वळणाचा : प्रथमा सोमपाः, तशी मज्दाओ. तो गुणवंताचे, ‘प्राज्ञा’चे नाव आहे. गाथांत अहुर (आपला असुर) आणि मज्दा स्वतंत्रपणे चालतात, कधी दूरदूरही येतात. दारयवहूच्या (इ. स. पू. ५२२–४८६) शिलालेखांत मात्र ‘अउरमज्दा’ असा एकच शब्द झालेला दिसतो.

अवेस्ता ही संस्कृतची बिघडलेली बोली, असे आजही ऐकू येते. हा एक शब्द ते खोडून काढतो. संस्कृतने गमावलेला ज् अवेस्तेकडे आहे. अवेस्तेने गमावलेला ध संस्कृतकडे. जे स्वतःजवळ उरलेच नाही ते एकीने दुसरीला कसे द्यावे? दोघी बहिणी, आई त्यांच्याही आधीची.

पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांचे पारशी धर्मग्रंथांवरील निबंध १८६२ साली मुंबईत निघाले. गाथा हा अवेस्तेचा सर्वांत जुना भाग, हे त्यांनी भाषेच्या आधारे मांडले. बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ साली, पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने कांगा व सोनटक्के यांनी संपादित केलेली अवेस्ता नागरीत छापली. शाळेत रमा आणि सोमपा चालवलेल्या कोणालाही ती उघडून ही रूपे ताडून पाहता येतील.