ताबा, टोळी आणि तडीपारी

मुळशी तालुक्यातील नेरे गावाहून फार दूर नसलेल्या कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ज्या कोयत्याने ऊस तोडला जातो, तोच कोयता गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या गल्ल्यांतून सदऱ्याआड दडवून मिरवला जाऊ लागला. ‘कोयता गँग’ हे नाव घरोघर झाले असले, तरी वस्तुतः त्या नावाची कोणतीही एक टोळी अस्तित्वात नाही. मिसरूड फुटू लागलेली पाच-सहा पोरे, त्यांचा एक ‘भाई’, त्याच्या वाढदिवसाचा चौकातला फ्लेक्स, तलवारीने कापलेला केक आणि त्याचे मोबाइलवर फिरणारे रील, एवढ्या भांडवलावर अशी टोळी कोठेही उभी राहू शकते.

मुळशीत या भांडवलास जमिनीची जोड मिळाली. जमीन जाण्याचे दुःख या तालुक्याला नवे नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. परंतु नेऱ्याच्या शेजारी, हिंजवडीस, माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यानंतर आसपासच्या जमिनींचे भाव गगनास भिडले, आणि जेथे सातबाऱ्यावर भाऊबंदांची दहा नावे, वहिवाट एकाची, खरेदीखत तिसऱ्याचे आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षे प्रलंबित, तेथे कोर्टाच्या हुकुमापूर्वीच ‘ताबा’ मिळवून देणाऱ्या माणसांना मोल आले. जमिनीचा पैसा गाडीत आणि गळ्यातल्या साखळीत संपवून बसलेल्या तरुणास हा रोजगार सहज सापडतो. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या चित्रपटाने हीच व्यथा मांडली. प्रेक्षकांपैकी कित्येकांनी मात्र व्यथा चित्रपटगृहातच सोडली आणि भाईचा रुबाब तेवढा घरी नेला.

सरकारदरबारी उपाय पुष्कळ आहेत. १९५१ च्या पोलीस कायद्यान्वये उपद्रवी इसमास दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते, आणि १९९९ च्या मोक्काखाली संघटित गुन्हेगारीचा म्होरक्या दीर्घकाळ गजाआड राहतो. हे उपाय आवश्यक आहेत, पण म्होरक्या गेला म्हणून टोळी संपत नाही; ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडमध्ये शरद मोहोळ या टोळीप्रमुखाचा भरदिवसा खून झाला, तेव्हा संशयित म्हणून पकडले गेले ते त्याच्याच गोटात वावरणारे.

अमेरिकेतील बोस्टन शहराने १९९६ च्या सुमारास निराळी तजवीज केली. तेथील तरुणांचे बहुतेक खून मोजक्या टोळ्यांतील मूठभर तरुणांभोवती फिरतात असे ध्यानी येताच पोलीस, पाद्री आणि वस्तीतले कार्यकर्ते यांनी त्या तरुणांस समोर बसवून स्पष्ट बजावले, की यापुढे गोळी सुटली तर सबंध टोळीवर कारवाई होईल, आणि बाहेर पडू इच्छिणाऱ्यास मदतीचा हात मिळेल. तरुणांच्या खुनांची संख्या पुढे निम्म्याहूनही खाली आली, यात या उपायाचा वाटा किती यावर विद्वानांचे एकमत नसले तरी.

आपल्याकडे ही भूमिका गावातली वडीलधारी माणसे, तालमीचा वस्ताद आणि शाळेचे मुख्याध्यापक पार पाडू शकतील. शाळा सोडलेला मुलगा प्रथम कोणाच्या दुचाकीवर मागे बसू लागला, हे त्यांना पोलीस ठाण्याच्या आधी कळते. प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे असे बाल न्याय कायदा सांगतोच. त्या पथकाने गुन्हा घडण्यापूर्वी या माणसांशी संबंध ठेवला पाहिजे. आणि वाटपाचे दावे, मोजणी व फेरफार यांचा निकाल तहसील कचेरीत आणि दिवाणी न्यायालयात वेळेवर लागू लागला, तर ताब्यासाठी भाईकडे जाण्याची गरज पुष्कळ कमी होईल, मग टोळ्यांना खंडणी आणि बेकायदा वाळूउपशाच्या वाटा उरल्या तरी.