वर्धातीरचे कोळशाचे लेख

इतिहासाचें साधन म्हणजे दप्तर, ताम्रपट अथवा शिलालेख, अशी समजूत आपणां संग्राहकांत रूढ आहे. जें साधन प्रदर्शन संपतांच पुसून टाकलें जातें, त्यास या पंक्तींत बसवावें कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मारेगांवाहून पूर्वेस वणी. वणीच्या आग्नेयेस, पैनगंगेपलीकडे, राजुऱ्याजवळ सास्ती हें गांव आहे. दोहोंकडे भुईखालीं वर्धा खोऱ्याचाच दगडी कोळसा. अंमल मात्र भिन्न. वणीचा मुलूख वऱ्हाडाबरोबर १८५३ त इंग्रजांकडे गेला. राजुऱ्याचा १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला व १९५९ त चांदा जिल्ह्यांत आला. वर्धेपलीकडे वरोऱ्यास इंग्रज सरकारची खाण होती. ती १९०६ त बंद पडली. या घडामोडींचे कागद आहेत. परंतु ते खाण चालविणारांचे. आंत उतरणारा मजूर त्यांत बहुधा संख्येपुरताच येतो.

सास्तीचे चित्रकार प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या खाणींत राबल्या. खैरागड व बडोदें येथें त्यांचें कलाशिक्षण झालें. २०१२ त मुंबईस क्लार्क हाऊस येथें त्यांचें स्वतंत्र प्रदर्शन भरलें. ते पुष्कळदां थेट भिंतीवरच कोळशानें चित्रें काढतात. (चित्रकाराचा हा कोळसा लांकडाचा, म्हणजे लोणारी, खाणींतला नव्हे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.) त्यांच्या कित्येक आकृतींस मस्तकाच्या जागीं एखादें हत्यार वा उपकरण असतें. शेत खाणींत गेलेला कुणबी पुढें कशावरून ओळखला जातो, तें आम्हांस त्या बिनमस्तक धडांवरून जितकें उमगलें, तितकें कोणत्याही अहवालावरून उमगलें नव्हतें. २०२१ त वेल्समधील कार्डिफच्या आर्टेस मुंडी प्रदर्शनाचें पारितोषिक सहा कलावंतांस विभागून मिळालें, त्यांत पाचपुते होते. वेल्स हाही कोळशाचाच मुलूख. तेथील खाणीही एकामागून एक बंद झालेल्या.

असल्या चित्राची किंमत बखरीसारखी करावी, असें आमचें मत आहे. तिथि व हिशेब त्यांत शोधूं नयेत. आपलें काय गेलें असें लोकांस वाटतें, तें शोधावें. भिंत धुतली जाण्यापूर्वीं, शिलालेखाचा ठसा घेतों त्याच काळजीनें, छायाचित्र, स्थळ, तारीख व भिंतीचें माप टिपून ठेवावें. वणी-मारेगांवकडील संग्राहकांनीं त्याच बासनांत खाणमजुरांच्या पगारचिठ्ठ्या, हजेरीपत्रकें व भूसंपादनाच्या नोटिसाही घालाव्या. त्या अजून घरोघरीं पत्र्याच्या पेट्यांत सांपडतात.