पोटात गुबारा धरतो? आधी ताट तपासा

"डॉक्टर, जेवलो की पोट नगाऱ्यासारखे फुगते. एखादे चांगले चूर्ण द्या." दवाखान्यात ही तक्रार नेहमीचीच. मागे किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ आले होते. चूर्ण, गोळ्या, सोडा सगळे करून झाले होते. दिनक्रम विचारला तेव्हा उलगडा झाला. दिवसभरात सहा-सात कप चहा, दुपारचे जेवण गल्ल्यावरच दहा मिनिटांत, तोंडात सतत सुपारी आणि रात्री उशिरा मटकीची उसळ-भाकरी खाऊन लगेच अंथरूण! औषध न बदलता या सवयी बदलायला सांगितल्या. महिनाभरात त्यांची तक्रार बरीच कमी झाली.

वायू येतो कोठून?

पोटात वायू दोन वाटांनी येतो. पहिली वाट तोंडाची. घाईघाईने जेवताना, बोलत बोलत घास गिळताना, सुपारी चघळताना आपण हवाही गिळतो. दुसरी वाट आतड्यातली. लहान आतड्यात न पचलेले अन्न मोठ्या आतड्यात गेले की तेथील जिवाणू ते आंबवतात व वायू तयार होतो. थोडाफार वायू सर्वांनाच होतो. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणे हा आजार नव्हे.

कडधान्ये सोडू नका

हरभरा, वाटाणा, राजमा, वाल यांत एक प्रकारची साखर असते. ती पचवणारा पाचकरस माणसाच्या लहान आतड्यात नसतो. म्हणून कडधान्ये रात्रभर भिजवावीत, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवावीत. मोड आणल्यास ही साखर आणखी कमी होते. उसळ शक्यतो दुपारी व बेताची खावी. मूग त्या मानाने हलका. कडधान्ये हा गरिबाघरचा प्रथिनांचा मोठा आधार आहे, तेव्हा ती बंद करणे हा उपाय नव्हे.

अनेक प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध पिऊन पोट गुरगुरत असेल तर ते कमी करून दही किंवा ताक घेऊन पाहावे. काहींना कांदा, लसूण किंवा कोबी बाधतो. उपवासाच्या दिवशी फुगणाऱ्या पोटाचे कारण बहुधा उपवास नसून दिवसभर रिकाम्या पोटी घेतलेला चहा व नंतर एकदम खाल्लेली तेलकट साबुदाणा खिचडी हे असते.

सोड्याचा भ्रम

सोडा प्यायल्यावर ढेकर येते आणि बरे वाटते. पण त्या ढेकरेतला बराचसा वायू सोड्यानेच आणलेला असतो! खाण्याच्या सोड्यात व अशा चूर्णांत सोडियम असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ती सारखी घेऊ नयेत. त्यापेक्षा साधे पाणी किंवा कमी मीठ घातलेले पातळ ताक बरे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. बद्धकोष्ठता असेल तर पाणी, फळे व पालेभाज्या वाढवाव्यात. मात्र चोथा एकदम वाढवल्यास पोट अधिकच फुगते, म्हणून हळूहळू वाढवावा.

एका वेळी एकच बदल करा, दोन आठवडे पाहा आणि वहीत टिपून ठेवा. आपल्याला काय बाधते ते आपली वहीच सांगेल.

हे मात्र गॅस समजू नका

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, घाम, धाप, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ अशी लक्षणे हृदयविकाराची असू शकतात. मधुमेही व स्त्रियांमध्ये ती सौम्य वाटू शकतात. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहू नका. 108 क्रमांकावर फोन करा किंवा लगेच मोठे रुग्णालय गाठा. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, वारंवार उलट्या होणे किंवा पन्नाशीपुढील स्त्रीचे पोट काही आठवडे सतत फुगलेले राहणे, यांतले काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्या. पोटाची सामान्य कुरकुर ताटातल्या बदलाने थांबते. जी थांबत नाही, ती डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे.