न बसवलेला नाच

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाच ‘बसवला’ जातो, हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. गाणे आधी ठरते, स्टेप्स कुणा मोठ्या माणसाने रचलेल्या असतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी त्या रांगेत उभे राहून बिनचूक उतरवायच्या असतात. सर्जनशील नृत्याच्या वर्गात मात्र हालचाल विद्यार्थ्याने स्वतः शोधायची असते आणि शिक्षकाने केवळ तिला निमित्त पुरवायचे असते.

या विचाराला पद्धतशीर बैठक दिली ती प्रामुख्याने रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्यचिंतकाने, जो नाझी जर्मनीतून बाहेर पडून १९३८ मध्ये इंग्लंडला आला आणि ज्याचे शालेय नृत्यशिक्षणावरील पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मते कोणतीही हालचाल चार अंगांनी पारखता येते: वजन, म्हणजे तिच्यातील जोर, काळ, म्हणजे ती झटक्यात होते की रेंगाळत, अवकाश, म्हणजे ती थेट जाते की वळसे घेत, आणि ओघ, म्हणजे ती मोकळी सुटते की आवरून धरलेली असते. ओला टॉवेल पिळण्याची क्रिया जोरकस, संथ आणि वळणदार असते, तर बाहीवरचा कण झटकण्याची क्रिया हलकी आणि क्षणिक, पण तीही वळणदारच. टॉवेल नसताना ही पिळण्याची क्रिया पाठ, कंबर आणि मान यांनी करायची आणि मध्येच एका झटक्याने मोडायची, असे सांगितले, की कुणाचा पीळ खांद्यापाशीच अडतो, तर कुणी जमिनीपर्यंत वळत जातो.

झपाट्याने बदलणारे शरीर आणि त्याच्याविषयी बोलायला अपुरे पडणारे शब्द, अशा कात्रीत सापडलेल्या वयाला हा आडमार्ग सोयीचा पडतो, कारण राग किंवा संकोच यांचे नावही न घेता त्यांना हाताळता येते. उलट ‘मनाला येईल तसे नाचा’ एवढेच सांगितले, तर याच वयाची मुले हमखास गोठतात. मोकळीक मिळण्यासाठी आधी बंधन लागते, ही गोष्ट उत्साही शिक्षक अनेकदा विसरतात.

भारतातही नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात आयत्या वेळी सुचेल तसे रचणे, हा शिक्षणाचाच भाग होता, आणि तेथे १९४० च्या दशकाच्या आरंभी शिकलेला, पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला गुरुदत्त तेव्हा विशीच्या आतला होता.

स्वीडनमध्ये १३ ते १८ वयाच्या ११२ मुलींवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आठ महिने आठवड्यातून दोनदा नाचलेल्या मुलींचे स्वतःच्या आरोग्याविषयीचे मत इतर मुलींच्या तुलनेत सुधारलेले आढळले. तेथे भर कामगिरीवर नव्हता, तर हालचालीतील आनंदावर होता. अर्थात त्यात मोजले गेले ते आरोग्याविषयीचे मत, अभिव्यक्ती नव्हे. ती अशी मोजता येईल का, हीच शंका आहे.

अभिव्यक्तीचा माग लागतो तो वर्गातच, जेव्हा अर्धा वर्ग नाचतो आणि उरलेला अर्धा पाहतो. पाहणाऱ्यांनी ‘छान’ किंवा ‘वाईट’ म्हणायचे नसते, फक्त दिसले ते सांगायचे असते: हात वर गेला, पण कोपरापाशी थांबला, पाठ शेवटपर्यंत वळलीच नाही. थांबलेला तो हात मुद्दाम थांबवला होता की नकळत थांबला, हे ठरवून नाचणारा पुन्हा उभा राहतो.