खोली, शाळा आणि शंभर वर्षांची मोजणी

मुंबईतल्या गरिबाच्या घराबद्दल माहिती नव्हती, असं या शहरात कुणालाच म्हणता येणार नाही. 1896 च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने शिरली. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस आले. आधी वस्ती पायी फिरून पाहा, माणसं आणि त्यांचे धंदे समजून घ्या, मग आराखड्याला हात घाला, असं ते सांगत. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. म्हणजे या शहरात घर आणि विषमता यांचा अभ्यास विद्यापीठाच्या पातळीवर सुरू झाला, तेव्हाच मुख्य गोष्ट सांगून झाली होती. पुढची शंभर वर्षं ती पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक पुराव्यांसह सांगितली गेली.

1925 मध्ये बर्नेट-हर्स्ट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचं ‘लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे’ हे पुस्तक आलं. गिरणी कामगारांची मजुरी आणि त्यांची एकखोली बिऱ्हाडं यांचा हिशेब त्याने एकाच पुस्तकात मांडला. त्याच सुमारास अमेरिकन मराठी मिशनतर्फे क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ उभं केलं. वस्तीत राहून वस्तीसाठी काम करायचं, ही त्यांची पद्धत. या घरातच 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज ती संस्था टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी संपूर्ण शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग 1945 मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा 1952 मध्ये. 1956 मध्ये नी. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांची फेरपाहणी छापली गेली. एकाच शहराकडे इतक्या चिकाटीने परत जाण्याची ही रीत आपल्याकडे रुजली असती, तर आज किती वाद टळले असते!

1954 मध्ये टाटा संस्था देवनारला गेली. त्या भागात 1927 पासून शहराचा कचरा पडत होता. पुढे तिथेच कत्तलखाना आला, आसपास रिफायनऱ्या आल्या आणि शहरात जिथे जिथे झोपड्या तुटल्या, तिथली माणसंही इकडेच आणून टाकली गेली. शिवाजीनगरमध्ये त्यांना दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे आखून दिले गेले. ज्या विषमतेचा अभ्यास करायचा, ती संस्थेच्या कुंपणाला येऊन भिडली.

सत्तरचं दशक या कहाणीत निर्णायक आहे. अ. र. देसाई आणि देवदास पिल्लई यांनी मुंबई विद्यापीठातून झोपडपट्टीवर दोन ग्रंथ दिले, 1970 आणि 1972 मध्ये. दरम्यान 1971 चा झोपडपट्टी कायदा आला. जानेवारी 1976 मध्ये राज्य सरकारने झोपड्यांची गणना केली आणि मोजलेल्या झोपडीधारकाच्या ओळखपत्राचा ‘फोटोपास’ हा शब्द घराघरात पोहोचला. पत्र्याच्या पेटीत साडीच्या घडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो पास जपला जाऊ लागला. त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी उठवून हजारो माणसं चिता कॅम्पला हलवली गेली. मोजणी झाली म्हणून माणूस सुरक्षित होतोच असं नाही, हे वस्त्यांनी तेव्हा ओळखलं. तेव्हापासून हातात फॉर्म घेऊन दारात येणाऱ्याला लोक आधी विचारतात, ‘तुम्ही कोणाकडून आलात?’

शिक्षणाचा अभ्यास या काळात वेगळ्या वाटेने चालला होता. टाटा संस्थेत सुमा चिटणीस यांनी अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर दीर्घ काम केलं. 15 राज्यांमधल्या अभ्यासांवर आधारलेलं ‘अ लाँग वे टू गो’ हे त्यांचं पुस्तक 1981 चं. 1990 मध्ये पद्मा वेलसकर यांनी मांडलं, की शाळाच वेगवेगळ्या दर्जाच्या असल्यामुळे शिक्षणातून विषमता कमी होण्याऐवजी पुढच्या पिढीकडे जाते. हे लिखाण आजही वाचावं इतकं ठाम आहे. पण घराचे अहवाल नगररचनेच्या कपाटात गेले आणि शाळेचे शिक्षण विभागाच्या. पोर मात्र एकच होतं. रात्री ते ज्या खोलीत अभ्यासाला बसायचं, तिथेच धाकटं रडत असायचं, मोरीत भांडी पडत असायची आणि पाण्याची वेळ झाली की वही मिटून हंडा घेऊन पळावं लागायचं. या एका मुलाचा एकत्र अभ्यास व्हायला फार वर्षं लागली. या संशोधनाची ही सर्वांत मोठी उणीव आहे, असं मला वाटतं.

मधल्या काळात मोजणाराच बदलला. 1984 मध्ये शीला पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ स्थापन केली. शीला पटेल टाटा संस्थेच्या विद्यार्थिनी आणि त्यांचं आधीचं काम नागपाड्याच्या त्या नेबरहूड हाउसमधलंच. भायखळा परिसरातल्या फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे 6 हजार कुटुंबांची त्यांनी वस्तीतल्या बायांना सोबत घेऊन गणना केली. 1985 मध्ये ती ‘वी, द इनव्हिजिबल’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फुटपाथवरचा माणूस तिथे राहतो तो कामाच्या जवळ राहता यावं म्हणून, हे न्यायालयाने मान्य केलं. नव्या शतकात अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या ‘पुकार’ने वस्तीतल्या तरुण मुलामुलींनाच संशोधक केलं. रे रोडच्या कौला बंदरमध्ये अशा मुलांनी पाण्याचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की अधिकृत नळ नसलेली वस्ती पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून पाणी घेते. गल्लीतल्या मुलीने विचारलं म्हणून बायकांनी खरा आकडा सांगितला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

2009 च्या मुंबई मानव विकास अहवालाने देवनार, गोवंडी, मानखुर्दचा एम-पूर्व प्रभाग सगळ्यांत खाली ठेवला. संपूर्ण शहराचा निर्देशांक 0.56 आणि या प्रभागाचा 0.05. दोन वर्षांनी टाटा संस्थेला 75 वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने संचालक एस. परशुरामन यांच्या काळात संस्थेने आपल्या शेजाराकडे वळायचं ठरवलं आणि एम-पूर्व परिवर्तन प्रकल्प सुरू झाला. घर, पाणी, शाळा, आरोग्य, रोजगार यांची पाहणी प्रथमच एका प्रभागापुरती एकत्र झाली. घरोघरी फिरले ते विद्यार्थी आणि वस्तीतलेच तरुण. आठ लाखांच्या वर लोकसंख्येच्या प्रभागाला एका संस्थेने बदलावं, ही अपेक्षाच अवास्तव होती आणि सगळं काही साधलं नाही. तरी महापालिकेच्या कागदावर ‘झोपडपट्टी’ एवढंच लिहिलेल्या जागांना गल्लीनिहाय चेहरा मिळाला.

या सगळ्या मालिकेत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारं काम आहे ते क्षयरोगावरचं. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांमध्ये विस्थापित झालेल्यांना मानखुर्द-गोवंडीत लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे पक्की घरं मिळाली. झोपडीतून फ्लॅटमध्ये जाणं म्हणजे प्रगती, असा सर्वांचाच समज. ‘डॉक्टर्स फॉर यू’, टाटा संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी या दोन वसाहती आणि जुनी पीएमजी कॉलनी यांतली 4 हजारांहून अधिक घरं तपासली, इमारतींमधला उजेड आणि वारा यांची गणितं मांडली. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचं प्रमाण तिसरीच्या कितीतरी पट निघालं. कारण इमारतींच्या रचनेतच होतं. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. मधल्या फटीत वरून कचरा पडतो, दुर्गंधी येते, म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून हवा कोंडलेली. पुनर्वसनासाठी नियमांत सवलत देऊन ही दाटी कायदेशीर केली गेली होती. 1919 मध्ये चाळींबद्दल जे सांगितलं जात होतं, तेच आपण सरकारी मंजुरीने सिमेंटमध्ये पुन्हा बांधलं.

या वसाहतींत शाळेचाही प्रश्न तितकाच बिकट झाला. घर आधी हललं, शाळा मागे राहिली. जुन्या शाळेत जायचं तर लोकलचा प्रवास. नव्या ठिकाणी नाव घालायचं तर वर्षाच्या मध्यात दाखला काढा, माध्यम जुळवा. सातवी-आठवीतल्या मुलींचं नाव अशा वेळी गुपचूप कमी होतं. पात्र-अपात्रतेच्या यादीत खोलीची नोंद असते, पोराच्या इयत्तेची नसते.

2024 मध्ये धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी देवनार कचराभूमीची सुमारे 124 एकर जमीन देण्याचा निर्णय झाला. म्हणजे पुन्हा एम-पूर्व. या वेळी तरी अभ्यास आधीच हाताशी आहेत. आराखडा मंजूर करताना प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यापर्यंत उजेड-वाऱ्याची चाचणी सक्तीची करता येईल. कुटुंबांच्या यादीत मुलांची इयत्ता आणि माध्यम नोंदवता येईल. आणि परिसरातली शाळा चालू झाल्याशिवाय घराचा ताबा द्यायचा नाही, ही अट करारात आजच घालता येईल.