प्रोग्रॅम चालला, पण समजला का?

एका वेबपेजवर दोन चौकटी आहेत. एकीत दिवसपाळीचं कापड भरायचं, १२० मीटर. दुसरीत रात्रपाळीचं, ९५ मीटर. खालचं बटण दाबलं की जावास्क्रिप्टने दोन्हींची बेरीज दाखवायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन चौकटींच्या मध्ये फक्त अधिक चिन्ह घातलं आहे. पडद्यावर काय उमटेल?

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरच्या कुठल्याही माग कारखान्याचा दिवाणजी २१५ म्हणेल. जावास्क्रिप्ट मात्र १२०९५ दाखवते. चौकटीत टाइप केलेला मजकूर तिच्यापर्यंत आकडा म्हणून पोहोचत नाही, अक्षरांची माळ म्हणून पोहोचतो. दोन अक्षरमाळांच्या मध्ये अधिक चिन्ह आलं की ती एकीला दुसरी जोडून टाकते. त्याच चौकटींची वजाबाकी करायला सांगा, उत्तर बरोबर २५ येईल. वजाबाकी फक्त आकड्यांचीच होऊ शकते, म्हणून तिथे ती आधी अक्षरांचे आकडे करून घेते.

नवशिक्याला जावास्क्रिप्ट कितपत कळली हे तपासायला हा एक प्रश्न बरंच काही सांगून जातो. २१५ म्हणणाऱ्याला माहितीचे प्रकार अजून उमगलेले नाहीत. ‘१२०९५ येतं, मग नंबर (अक्षरमाळेचा आकडा करून देणारी सूचना) लावायचं असतं’ म्हणणाऱ्याला उपाय पाठ आहे. आणि जो कारण सांगून वर ‘वजाबाकी केली असती तर बरोबर आलं असतं’ असं न विचारता म्हणतो, त्याला भाषा कळू लागली आहे. परीक्षेत नुसतं उत्तर तपासलं तर दुसरा आणि तिसरा विद्यार्थी सारखेच दिसतात.

हा फरक ओळखणं आज फार गरजेचं आहे. हातकणंगले तालुक्यातल्या या कबनूरमध्ये घराघराला मागाचा खडखडाट ओळखीचा आहे. शेजारी इचलकरंजीत १९८२ पासून डीकेटीईचं वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सूत आणि कापडावर जगणाऱ्या घरांतली मुलं आता संगणकाकडेही वळतात. जावास्क्रिप्ट शिकायला महागडं यंत्र लागत नाही. ब्राउझर असला की पुरे. सुरुवात सोपी आहे, पण सुरुवात झाली म्हणजे समज आली असं नाही.

ही भाषा नवशिक्याला फसवते, त्यामागे तिचा इतिहास आहे. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. वेबपेजवर छोटी कामं करणाऱ्या, प्रोग्रॅमिंगचा व्यवसाय नसलेल्या माणसांनाही ती वापरता यावी असा हेतू होता. त्यामुळे चुकीच्या जागी अडून बसण्यापेक्षा काहीतरी अर्थ लावून पुढे जाण्याकडे तिचा कल आहे. १०, ९ आणि १ ही यादी तिला क्रमाने लावायला सांगितली आणि आणखी काही सूचना दिली नाही, तर ती १, १०, ९ अशी लावते, कारण ती आकड्यांची तुलना अक्षरांसारखी करते. शून्याला शून्याने भागलं तरी प्रोग्रॅम थांबत नाही. ‘हा आकडा नाही’ अशा अर्थाची एक खास किंमत हाती येते आणि पुढच्या सगळ्या हिशेबात मिसळत जाते. अशी चूक झाली तरी प्रोग्रॅम चालतच राहतो. म्हणून ‘चालला’ हा समजल्याचा पुरावा या भाषेत विशेष कच्चा ठरतो.

नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग किती येतं याचा शोध संशोधक गेली चार दशकं घेत आहेत. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना गणकयंत्राचा प्रोग्रॅम लिहायला दिला. पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या या मुलांची सरासरी ११० पैकी सुमारे २३ गुण आली. शिक्षकांना धक्का बसला. मुलांना प्रश्नाची उकल करता येत नाही, असा पहिला निष्कर्ष निघाला.

ऑस्ट्रेलियातल्या रेमंड लिस्टर आणि त्यांच्या गटाने २००४ मध्ये वेगळी शंका घेतली. मुलांना लिहिता येत नसेल, पण लिहिलेलं वाचता तरी येतं का? त्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना छोटे प्रोग्रॅम दाखवून बारा प्रश्न विचारले: हा चालवला तर शेवटी कुठल्या नावात कोणती किंमत असेल, गाळलेल्या जागी कोणती ओळ बसेल. अनेक मुलं इथेच अडखळली. एक गोष्ट मात्र आशादायक होती. ज्यांनी कच्च्या कागदावर प्रत्येक पायरीला बदलणाऱ्या किमती लिहून काढल्या, त्यांची उत्तरं अधिक वेळा बरोबर आली. पुढे २००८ च्या अभ्यासात दिसलं की प्रोग्रॅमचा माग काढता येणं आणि तो काय करतो हे साध्या भाषेत सांगता येणं, या दोन्ही गोष्टी जमणाऱ्यांना प्रोग्रॅम लिहिणंही बहुधा जमतं.

यामागचं कारण ब्रिटिश संशोधक बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी १९८० च्या दशकातच मांडलं होतं. शिकणाऱ्याच्या मनात एक काल्पनिक यंत्र तयार व्हावं लागतं. ओळी कुठल्या क्रमाने चालतात, नावाला किंमत कशी चिकटते, हे दाखवणारं. ते यंत्र चुकीचं बांधलं गेलं तर वाक्यरचना कितीही पाठ असो, अंदाज चुकतो. अमेरिकेतल्या रॉय पी यांनी १९८६ मध्ये याच्या मुळाशी असलेला एक समज दाखवला: संगणकाच्या आत कुणीतरी शहाणं बसलं आहे आणि आपल्या मनात काय आहे ते त्याला कळतं, असं नवशिक्याला नकळत वाटत असतं. कापडाचे मीटर बेरजेसाठीच आहेत हे ‘त्याला कळायला हवं होतं’, ही तक्रार तिथूनच येते.

मग तपासायचं कसं? पहिली पायरी कागदाची. ‘अ’ला १० द्या, ‘ब’ला ‘अ’ची किंमत द्या, मग ‘अ’ २५ करा. ‘ब’ किती? १० म्हणणाऱ्याला कळलं आहे की हे बीजगणिताचं समीकरण नव्हे, ही एका क्षणी केलेली नोंद आहे. लगेच दुसरा प्रश्न घाला: ‘अ’ ही आठवड्याच्या उत्पादनाची यादी असेल, ‘ब’ला ‘अ’ दिला आणि ‘ब’मध्ये आणखी एक दिवस जोडला, तर ‘अ’ बदलेल का? बदलेल, कारण यादी एकच आहे, तिला नावं दोन झाली. ज्याला ही दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून फरक समजावता येतो, त्याची पायाभरणी भक्कम आहे.

दुसरी पायरी जुळणीची. न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हॅडन यांनी २००६ मध्ये सुचवलेल्या कोड्यांत प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून दिलेल्या असतात आणि त्या क्रमाने लावायच्या असतात. स्पेलिंगचा जाच नसतो, विचार मात्र लपत नाही.

तिसरी पायरी लिहिण्याची. येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेला पावसाचा प्रश्न आजही जगभर वापरतात. तो आपल्याकडे असा विचारता येईल: रोजच्या उत्पादनाचे मीटर घेत जा, शेवट दाखवणारा ठरलेला आकडा आला की थांबा, उणे आकडे सोडून द्या आणि सरासरी सांगा. आकडे एकामागून एक घेत राहणारं आवर्तन, म्हणजे लूप, अनेकांना जमतं. खरी कसोटी लागते ती एकही दिवस नोंदला नसेल तेव्हा. भागाकाराआधी हे तपासायचं ज्याला सुचलं, तो विद्यार्थी पुढे गेला आहे. मागावर नवा माणूस ठेवताना मागांची देखरेख करणारा जॉबर त्याला चालत्या मागापुढे उभं करून निकाल देत नाही, धागा तुटल्यावर तो कुठे पाहतो हे बघतो. प्रोग्रॅमरचंही तसंच पाहावं.

या सगळ्यात भाषेचा प्रश्न मोठा आहे. आयआयटी मुंबईत योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंग शिकण्याचा अभ्यास केला. मराठी शाळेतून आलेल्या मुलांपुढेही तीच अडचण असते. प्रश्नच इंग्रजीत असेल तर परीक्षा प्रोग्रॅमिंगची झाली की इंग्रजीची, हे सांगता येत नाही. जावास्क्रिप्टचे राखीव शब्द रोमन लिपीतच राहतात, पण नावं देवनागरीत देता येतात. ‘मजुरी’, ‘मीटर’, ‘पाळी’ ही नावं ब्राउझर बिनतक्रार स्वीकारतो. देवनागरी आकडे मात्र त्याला हिशेबाचे आकडे वाटत नाहीत, हे शिकवताना सांगून ठेवावं. विद्यार्थ्याने प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगावी, हाच तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न असायला हवा.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं मागाल तो प्रोग्रॅम क्षणात लिहून देतात. म्हणजे तयार फाइल बघून गुण देण्यात काही अर्थ उरलेला नाही. त्या साधनांनी दिलेल्या प्रोग्रॅममध्ये मजुरी अक्षरमाळ म्हणून जोडली गेली आहे हे ज्याला दिसेल, तोच कारखान्यात किंवा कार्यालयात कामाचा. म्हणून कबनूर-इचलकरंजीतल्या शिक्षकांना आणि क्लास चालवणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे: पुढच्या परीक्षेत निम्मे गुण अंदाज वर्तवण्याला आणि कारण सांगण्याला द्या. बटण दाबण्याआधी उत्तर लिहून घ्या. उत्तर चुकलं तर गुण लगेच कापू नका. अंदाज आणि पडदा यांत फरक का पडला, हे मुलाला शोधून काढायला लावा आणि त्या शोधाला गुण द्या. शिकणं तिथेच घडतं.